टुरेट सिंड्रोम: निदानापासून शाळेपर्यंत, पायरीपायरीने

मूल सारखे डोळे मिचकावतं म्हणून घरचे त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतात. थेंब मिळतात. काही महिन्यांनी डोळे शांत होतात आणि घसा खाकरणं सुरू होतं, मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या. त्यानंतर मान उडू लागते, आणि आता मात्र "चाळे बंद कर" असा ओरडा बसतो. टुरेट असलेल्या पुष्कळ मुलांची निदानाआधीची वर्षं अशीच जातात. प्रत्येकाला एक तुकडा दिसतो आणि सगळे तुकडे एका कागदावर कोणी मांडत नाही.

घरात, वर्गात किंवा ऑफिसात अशी व्यक्ती आहे आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. टुरेटमध्ये सगळ्यांत जास्त त्रास टिकचाच, म्हणजे अशा आपोआप होणाऱ्या हालचाली-आवाजांचाच, होतो असं नाही. लोक टिककडे कसे बघतात, काय बोलतात, आणि टिकच्या जोडीने आलेल्या दुसऱ्या अडचणी किती मोठ्या आहेत, यांचा त्रास बहुतेकदा जास्त असतो. त्यामुळे इथल्या निम्म्याहून जास्त पायऱ्या टिक थांबवण्याच्या नाहीत.

पहिली पायरी: आपण काय पाहतोय ते ओळखा

टिक म्हणजे अचानक, झटकन, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणं, नाक मुरडणं, तोंड वाकडं करणं, खांदा उडवणं, मानेला झटका देणं, पोट आत ओढणं या हालचालींच्या साध्या टिक्स. वस्तूला ठरावीक वेळा हात लावणं, चालता चालता गिरकी घेणं, समोरच्याच्या हालचालीची नक्कल होणं या गुंतागुंतीच्या. आवाजाच्या टिक्समध्ये घसा खाकरणं, नाक ओढणं, हुंकार, चीत्कार येतात, तसंच एखादा शब्द पुन्हा पुन्हा बाहेर पडणं किंवा दुसऱ्याच्या वाक्याचं शेपूट परत म्हणणंही येतं. नकळत शिव्या तोंडातून जाणं हेच टुरेट, असा समज आहे. प्रत्यक्षात दहांतल्या एका-दोघांच्या बाबतीतच तसं होतं. शिव्या नाहीत म्हणून टुरेट नाही, असं म्हणता येत नाही.

निदानाच्या अटी मोजक्या आहेत. हालचालींच्या एकापेक्षा जास्त टिक्स आणि आवाजाची किमान एक टिक कधी ना कधी झालेली असावी. दोन्ही एकाच काळात असण्याची गरज नाही. पहिल्या टिकपासून वर्ष उलटलेलं असावं, मधे कमी-जास्त झाल्या तरी चालतं. सुरुवात वयाच्या १८ वर्षांआधीची असावी. आणि कुठलं औषध किंवा दुसरा आजार त्यामागे नसावा. नुसत्या हालचाली किंवा नुसते आवाज वर्षाहून जास्त टिकले तर त्याला दीर्घकालीन टिक विकार म्हणतात. वर्ष झालं नसेल तर तात्पुरता टिक विकार. शाळकरी वयात थोड्या दिवसांच्या टिक्स पुष्कळ मुलांना येऊन जातात, त्यामुळे पहिल्या महिन्यात घाबरून जाण्याचं कारण नाही. टिक किती जोराची आहे याची या अटींमध्ये कुठेच नोंद नाही हेही लक्षात घ्या. अगदी सौम्य टुरेट असलेली माणसं आपल्या आजूबाजूला असतात आणि त्यांना स्वतःलाही ते माहीत नसतं.

१८८५ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात काम करणाऱ्या झील द ला टुरेट या डॉक्टरांनी नऊ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यावरून हे नाव पडलं. सुरुवात बहुधा ४ ते ६ या वयात होते, जोर १० ते १२ च्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. शाळकरी वयाच्या दर हजार मुलांमागे साधारण ३ ते ८ मुलांना टुरेट असतो, मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त. मेंदूतला बेसल गँग्लिया हा भाग आणि मेंदूच्या बाहेरच्या थराशी असलेले त्याचे जोड यांच्या कामातला हा फरक आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण एकच एक जनुक जबाबदार नाही. लाड, मोबाईल, आईची नोकरी, गरोदरपणात ग्रहण पाहणं, यांपैकी कशानेही टुरेट होत नाही.

"मनात आणलं तर थांबवतो की!" या वाक्याने सर्वांत जास्त गैरसमज होतात. हो, थोडा वेळ थांबवता येतं. साधारण आठ-दहा वर्षांच्या पुढची बरीच मुलं सांगतात की टिकच्या आधी त्या जागी ताण, खाज किंवा "काहीतरी अडकलंय" असं वाटतं आणि टिक झाली की क्षणभर सुटल्यासारखं होतं. थांबवताना ती ओढ वाढत जाते. पाहुण्यांसमोर पंधरा मिनिटं मान उडाली नाही, याचा अर्थ मूल त्या पंधरा मिनिटांत दुसरं काहीच धड करू शकलं नाही, असा घ्यायचा.

दुसरी पायरी: महिनाभराची नोंद

डॉक्टरकडे जाण्याआधी तीन-चार आठवडे एक वही ठेवा. पहिल्या पानावर आजवरच्या सगळ्या टिक्स लिहा: कोणती, साधारण कोणत्या वर्षी किंवा इयत्तेत सुरू झाली, किती महिने राहिली. निदानासाठी हे पान सोन्याच्या मोलाचं आहे, कारण दुसरीतलं मिचकावणं आणि चौथीतलं खाकरणं यांची साखळी तिथेच जुळते.

पुढच्या पानांवर रोज रात्री दोन-तीन ओळी पुरेत. आज कोणत्या टिक्स होत्या, एकूण त्रास ० ते १० मध्ये किती, झोप किती तास झाली, वाढल्या तेव्हा काय चाललं होतं, आणि टिक झाल्यावर लगेच कोण काय म्हणालं. शेवटचा रकाना लोक सोडून देतात. तो नक्की भरा, पुढे उपचारात त्याचा उपयोग आहे. एकेक टिक मोजू नका. मुलाला "आज किती झाल्या?" असं तर मुळीच विचारू नका, टिकबद्दल बोलणं निघालं की टिक्स वाढतात.

दोन-तीन मिनिटांचे दोन-तीन व्हिडिओ काढा, एक टीव्ही पाहताना आणि एक अभ्यास करताना. दवाखान्यात पाऊल टाकलं की मुलं टिक्स दाबून धरतात आणि डॉक्टरांसमोर काहीच दिसत नाही, म्हणून हे लागतात. मूल मोठं असेल तर आधी विचारा. आणि हे व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नयेत.

तिसरी पायरी: कोणाकडे जायचं, काय विचारायचं

आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाकडे जा, तिथून बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे. खासगीचा खर्च झेपत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग असतात. जिल्हा पातळीवरची डीईआयसी, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासून पुढे पाठवतात.

टुरेट सिद्ध करणारी रक्ताची चाचणी किंवा एमआरआय नाही. निदान इतिहास ऐकून आणि मुलाला पाहूनच होतं. एमआरआय "नॉर्मल" आला म्हणजे मूल नाटक करतंय, असा अर्थ काढू नका. तपासण्या लागतात त्या दुसरं काही नाही ना हे पाहायला. मूल मधेच शून्यात बघतं आणि हाकेला ओ देत नाही, तर फिटचा विचार करून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढला जातो. हालचाली वाहत्या, नाचऱ्या, सतत जागा बदलणाऱ्या असतील, हातातून वस्तू पडत असतील आणि अलीकडे ताप, घसा किंवा सांधेदुखी झाली असेल, तर संधिवाताच्या तापानंतर होणारा सिडनहॅम कोरिया असू शकतो. आपल्याकडे तो अजून दिसतो आणि त्यात हृदयाची तपासणी चुकवून चालत नाही. तीन वर्षांच्या आधीपासून एकाच साच्यात हात फडफडवणं हे बहुधा टिक नसून स्टिरिओटिपी, म्हणजे एकच हालचाल ठरावीक पद्धतीने पुन्हा पुन्हा करणं, असते. आणि किशोरवयात, आधी काहीच नसताना, एकदोन दिवसांत एकदम मोठमोठ्या हालचाली आणि शब्द सुरू झाले, तर ते फंक्शनल म्हणजे टिकसारखं दिसणारं वर्तन असू शकतं. २०२० पासूनच्या कोविड साथीच्या काळात अनेक देशांत अशा रुग्णांची, विशेषतः मुलींची, संख्या वाढली. तो त्रासही खराच असतो, पण उपचार वेगळे आहेत.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारून घ्या. हे टुरेट आहे की तात्पुरता टिक विकार? सोबत एकाग्रतेची अडचण, मंत्रचळ किंवा चिंता आहे का? सध्या उपचार हवेत की थांबून पाहायचं? शाळेसाठी पत्र द्याल का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर हातात घेऊनच घरी या.

देवऋषी आणि मांत्रिकाबद्दल स्पष्ट सांगणं भाग आहे. घशातून भुंकल्यासारखा आवाज आला की बाधा, भानामती असे शब्द निघतात. घरच्यांचा नवस, पूजा हा त्यांच्या श्रद्धेचा भाग. त्यावरून भांडण काढून आजीला दूर लोटू नका, तिची साथ पुढे लागणार आहे. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधणं, चटके देणं, कोंडून ठेवणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथे मूल एक मिनिटही ठेवू नका.

चौथी पायरी: घरातले नियम

पहिला नियम: टिककडे लक्ष द्यायचं नाही, मुलाकडे द्यायचं. मान उडाली तरी बोलणं चालू ठेवायचं. रागावणं, आठवण करून देणं, नक्कल करणं, दर वेळी जवळ घेऊन गोंजारणं, सगळंच बंद. गोंजारणं चुकीचं कसं, असं आईला वाटणं साहजिक आहे. माया कमी करायची नाही. ती टिक झाली म्हणून द्यायची नाही, एरवी भरभरून द्यायची.

दुसरा: टिकमुळे जबाबदारी सुटत नाही. टिक्स वाढल्या म्हणून दर वेळी गृहपाठ माफ झाला तर नकळत टिक आणि सुटका यांची गाठ बसते. पाच मिनिटं उठू द्या, पाणी पिऊ द्या, मग तिथूनच पुढे सुरू.

शाळेतून आल्यावरचा अर्धा-पाऊण तास मोकळा सोडा. दाबून ठेवलं की टिक्स नंतर दुप्पट होऊन उसळतात, असं प्रयोगांत आढळलेलं नाही. तरी दिवसभर सावध राहून मूल दमतं आणि घरात सैल होतं, म्हणून पालकांना वाटतं शाळेत काही नाही आणि शिक्षकांना वाटतं घरी लाड आहेत. या वेळात प्रश्नांची सरबत्ती नको, क्लास नको.

दमणं, अपुरी झोप, आजारपण, परीक्षा, आणि आनंदाची उत्सुकता यांनीही टिक्स वाढतात. गणपतीच्या दहा दिवसांत, लग्नघरात, सहलीच्या आदल्या रात्री वाढल्या तर उपचार फसले असं समजू नका. गळ्याशी घट्ट बसणारी कॉलर किंवा टाय मानेच्या टिकला खतपाणी घालते, म्हणून गणवेशाचं वरचं बटण उघडं ठेवायची परवानगी शाळेकडून मागून घ्या. घरात कोणी सतत खोकत असेल तर मुलाची खाकरण्याची टिक परतते, हेही नेहमीचं आहे.

भावंडांना वेगळं बसवून सांगा. "दादा मुद्दाम करत नाही, तू चिडवायचं नाहीस, आणि तुला त्या आवाजाचा कंटाळा आला तर आतल्या खोलीत गेलास तरी चालेल." त्यांच्या कंटाळ्यालाही जागा लागते.

पाचवी पायरी: शाळा

वर्ष सुरू होण्याआधी वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना भेटा. डॉक्टरांचं पत्र आणि स्वतः लिहिलेलं एक पान द्या. त्या पानावर सध्याच्या टिक्स, त्या बदलत राहतात ही सूचना, काय केल्याने वाढतात, काय केल्याने मदत होते आणि तुमचा फोन नंबर असावा. बदली शिक्षकासाठी एक प्रत हजेरीपटात ठेवायला सांगा. बऱ्याच शिक्षा बदली शिक्षकांच्या तासालाच होतात.

जागेबद्दल चूक हमखास होते. शिक्षक काळजीपोटी मुलाला पहिल्या बाकावर बसवतात, आणि मग अख्ख्या वर्गाचे डोळे त्याच्या मानेवर. फळा नीट दिसेल अशी बाजूची, मागच्या भागातली, दाराजवळची जागा चांगली. बाहेर जाण्यासाठी एक खूण ठरवा, उदाहरणार्थ बाकाच्या कोपऱ्यावर पालथं ठेवलेलं एक कार्ड. कार्ड दिसलं की शिक्षकांनी मान हलवायची आणि मुलाने पाच मिनिटं बाहेर जाऊन यायचं, विचारपूस नाही. दिवसातून दोन-तीनदा हे ठीक. दर गणिताच्या तासालाच कार्ड निघायला लागलं तर अडचण गणिताची आहे का ते पाहा.

डोळ्यांच्या आणि मानेच्या टिक्समुळे वाचताना ओळ सुटते. पट्टी किंवा जाड कागद ओळीखाली धरू द्या. हाताच्या टिक्समुळे अक्षर बिघडतं आणि पान फाटतं, म्हणून शुद्धलेखनाच्या दहा ओळींऐवजी चार ओळी घ्या आणि सुवाच्यतेचे गुण कापू नका. प्रयोगशाळेत हात उडत असेल तर बर्नर आणि आम्ल जोडीदाराने हाताळावं, निरीक्षण आणि नोंद या मुलाने करावी. प्रयोगातून वगळू नका. कविता पाठ म्हणणं, तोंडी परीक्षा हे वर्गासमोर न घेता शिक्षकांच्या खोलीत घ्या. लेखी परीक्षेला शक्यतो वेगळी खोली द्या: त्याला आवाज दाबायला लागत नाही आणि इतरांचंही लक्ष मोडत नाही.

वर्गाला सांगायचं की नाही, हे मूल ठरवेल. ते हो म्हणालं तर ते वर्गात असावं की नसावं हेही त्यालाच विचारा. पाच मिनिटं पुरतात. शिक्षकांनी मुलांना एक मिनिट डोळे न मिटता एक परिच्छेद वाचायला सांगावा आणि लगेच त्यावर दोन प्रश्न विचारावेत. बहुतेकांना उत्तरं येत नाहीत. मग म्हणावं: "आपल्या वर्गात एकाला असं दिवसभर सांभाळत शिकावं लागतं. त्याच्या मेंदूकडून हालचालीचा किंवा आवाजाचा निरोप आपोआप सुटतो. त्याला टुरेट म्हणतात, तो संसर्गाने होत नाही. आवाज आला तर आपण आपलं काम चालू ठेवायचं." इतकं पुरे.

शिव्यांची टिक असेल तर शिक्षकांची कसोटी असते. मुद्दाम दिलेली शिवी आणि टिक यांत फरक दिसतो: टिक प्रसंगाशी संबंध नसताना, त्याच सुरात, पुन्हा पुन्हा येते आणि मूल स्वतःच ओशाळतं. कधी कधी मात्र समोरच्याला लागेल असाच शब्द बाहेर पडतो, कारण "हे बोलायचं नाही" हा विचारच ओढ वाढवतो. शिक्षा केल्याने भीती वाढते आणि भीतीने टिक वाढते. मूल खरोखर उद्धट वागलं तर इतरांना जी समज दिली जाते तीच द्या, फक्त त्यात टिक मोजू नका. शंका असेल तर टिक धरून चाला.

सहावी पायरी: सीबिट, म्हणजे वर्तनोपचार

टिक्सचा त्रास होत असेल तर आज पहिली निवड म्हणून ज्याची शिफारस होते तो हा उपचार. त्याच्या मुळाशी १९७३ साली ॲझरिन आणि नन यांनी मांडलेली सवय पालटण्याची पद्धत आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२६ मुलांच्या चाचणीत दहा आठवड्यांत आठ सत्रं दिली गेली. सीबिट मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत चांगली सुधारणा दिसली, तुलनेच्या गटात पाचांत एकाहून कमी. म्हणजे हा रामबाण नाही, पण औषधाशिवाय मिळणारा हा फायदा मोठा आहे.

काम असं चालतं. आधी सगळ्या टिक्सची यादी करून प्रत्येकीला त्रासाचा आकडा द्यायचा, आणि मुलाला सर्वांत जास्त छळणारी टिक निवडायची. आईबाबांना छळणारी निवडू नका. मेहनत मुलालाच करायची आहे. मग ती टिक शब्दांत मांडायची: कोणता स्नायू आधी हलतो, ओढ कुठे जाणवते. सत्रात थेरपिस्टसोबत मूल टिकची आणि पुढे ओढीची सुरुवात पकडायला शिकतं. त्यानंतर विरोधी कृती ठरते. ती टिकच्या उलट असावी, किमान एक मिनिट किंवा ओढ ओसरेपर्यंत धरता यावी, आणि लोकांच्या नजरेत भरू नये.

मान मागे उडत असेल तर हनुवटी किंचित खाली घेऊन, नजर समोर ठेवून मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे. खांदा उडत असेल तर कोपर अंगाशी दाबून खांदा खाली. डोळ्यांसाठी दर तीन ते पाच सेकंदांनी सावकाश, मऊ मिटणं. घसा खाकरण्यासाठी तोंड मिटून पोटातून संथ श्वास, आत घेण्यापेक्षा सोडणं लांब. हात उडत असेल तर तळवा मांडीवर ठेवून हलका दाब. ओढ जाणवली की कृती सुरू. टिक होऊन गेली असली तरी करायचीच. एका टिकवर एक-दोन आठवडे घालवून मग पुढची.

बिघडतं कुठे? ताणून धरण्यात जोर फार लावला की मान दुखते आणि मूल सोडून देतं. घरचे पहारेकरी होतात: "अरे, कर ना ते!" दर टिकला टोकलं की सगळा खेळ मोडतो. मदतनीस एकच ठरवा, त्याने दिवसात ठरावीक दहा-पंधरा मिनिटांच्या सरावातच आठवण करावी आणि प्रयत्नाचं कौतुक करावं, टिक नसण्याचं नव्हे. उपचाराचा दुसरा अर्धा भाग म्हणजे वहीतला तो शेवटचा रकाना: कोणत्या प्रसंगी, कोणाच्या कोणत्या प्रतिसादाने टिक वाढते ते शोधून तो प्रसंग बदलायचा. फार लहान मुलांना आणि एकाग्रतेची मोठी अडचण असलेल्यांना विरोधी कृती जमवणं अवघड जातं; त्यांच्यासाठी आधी दुसऱ्या भागावर भर द्यावा.

सीबिट शिकलेले थेरपिस्ट मोठ्या शहरांबाहेर कमी आहेत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांना "सवय पालटण्याची पद्धत टिकसाठी वापरता का?" असा नेमका प्रश्न विचारा. ऑनलाइन सत्रांनीही हे करता येतं, त्यामुळे गाव आडवं येऊ देऊ नका.

सातवी पायरी: औषधं

टिक आहे म्हणून औषध, असा नियम नाही. टिकमुळे दुखत असेल, इजा होत असेल, शिकणं किंवा लोकांत मिसळणं अडत असेल आणि वर्तनोपचार पुरेसा किंवा शक्य नसेल, तर औषध. क्लोनिडिनने झोप येते आणि रक्तदाब उतरतो. ते मनाने एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळतो, म्हणून गोळ्या संपायच्या आत आणा. ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांचा परिणाम जास्त, पण वजन वाढणं, सुस्ती, बेचैनी, स्नायू ताठणं हेही पाहावं लागतं. दर महिन्याला वजन लिहून ठेवा. हॅलोपेरिडॉल सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एकीकडे ताठून राहिली किंवा डोळे वर अडकले तर ती टिक नाही, औषधाची प्रतिक्रिया आहे. तडक रुग्णालयात जा, इंजेक्शनने ती उतरते. पिमोझाइड चालू असेल तर ईसीजी लागतो, आणि घसादुखीसाठी सर्रास दिली जाणारी ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं त्यासोबत चालत नाहीत. प्रत्येक डॉक्टरला आणि औषधाच्या दुकानातही पिमोझाइडचं नाव आधी सांगा.

या औषधांच्या डबीतल्या कागदावर "स्किझोफ्रेनिया" असा शब्द असतो. तो वाचून काका-मामा गोळ्या बंद करायला लावतात. एकच औषध वेगवेगळ्या आजारांत वेगवेगळ्या मात्रेत चालतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

टिक्स स्वभावतःच चढतात-उतरतात. लोक औषध घ्यायला येतात ते चढाच्या टोकावर, तेव्हा उतार आपोआपही येणार असतो. म्हणून पंधरा दिवसांत "गुण आला" किंवा "फसलं" असा निकाल देऊ नका. दोन-तीन महिन्यांची वही समोर ठेवून डॉक्टरांशी बोला.

आठवी पायरी: टिकच्या आडून दिसणारं

दवाखान्यांत येणाऱ्या टुरेटच्या दहांतल्या आठ-नऊ जणांना आयुष्यात कधी ना कधी दुसरी एखादी अडचण असते. एडीएचडी, म्हणजे एकाग्रतेची अडचण आणि अतिचंचलता, आणि मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, या दोन सर्वांत नेहमीच्या. त्यांच्याशिवाय चिंता, झोपेची तक्रार, शिकण्यातली अक्षमता, रागाचे उद्रेक. मार्क घसरले तर आधी एडीएचडी तपासा. त्यावरच्या मिथाइलफेनिडेटने टिक्स वाढतात या भीतीने मुलांना वर्षानुवर्षं उपचाराविना ठेवलं जातं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या १३६ मुलांच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांच्या टिक्स बनावट गोळीवाल्यांपेक्षा जास्त बिघडल्या नाहीत. "बरोबर वाटेपर्यंत" दाराला हात लावत राहणं टिक की मंत्रचळ, हे ठरवायला तज्ज्ञ लागतो. कोणत्या त्रासावर आधी उपचार करायचे, याचं उत्तर मुलाला विचारूनच मिळतं.

नववी पायरी: परीक्षा आणि कायदा

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. टुरेटचं नाव त्यांत वेगळं दिलेलं नाही. मात्र सोबतची विशिष्ट अध्ययन अक्षमता किंवा मानसिक आजार त्या यादीत आहेत आणि त्यांचं प्रमाणपत्र काढता येतं. जादा वेळ, लेखनिक, वेगळी खोली यांसाठी मंडळाकडे अर्ज शाळेमार्फत जातो, तेव्हा दहावीच्या परीक्षेची वाट न पाहता नववीतच कागद जमवा. स्पर्धा परीक्षांसाठी एक निकाल लक्षात ठेवा: विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, सर्वोच्च न्यायालय, फेब्रुवारी २०२१. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला, ४० टक्के दिव्यांगत्वाची अट पूर्ण होत नसतानाही, लेखनिक मिळण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. हाताच्या टिक्समुळे लिहिणं अडतं त्यांनी अर्जात हा दाखला द्यावा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचं काम तुलनेने सोपं आहे. तिथल्या विशेष शिक्षणाच्या नियमांत २००६ पासून टुरेटचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि शाळेकडे लेखी मागणी करून प्रक्रिया सुरू होते.

मोठ्यांसाठी, आणि ताबडतोब मदत कधी

किशोरवय संपता संपता साधारण एकतृतीयांश जणांच्या टिक्स जवळजवळ जातात, एकतृतीयांश जणांच्या बऱ्याच कमी होतात आणि उरलेल्यांच्या राहतात. मोठेपणी टुरेट असलेले लोक शिक्षक, डॉक्टर, चालक, खेळाडू, सगळं काही असतात. मुलाखतीत पहिल्याच मिनिटाला सांगून टाकणं अनेकांना सोयीचं पडतं: "मला टुरेट आहे. मधेच मान उडते आणि घशातून आवाज येतो, ते माझ्या हातात नाही. तुम्ही बोलत राहा, मला सगळं ऐकू येतंय." हेच वाक्य छापून पाकिटात ठेवलं तर लोकलमध्ये, एसटीत, बँकेच्या रांगेत दाखवता येतं. सहकाऱ्याने करायचं ते इतकंच: नजर न चोरता, न रोखता, बोलणं पूर्ण करायचं. लग्नाच्या बोलणीत लपवू नका. लपवण्याचा ताण टिक्स वाढवतो आणि नंतर कळलं की प्रश्न टुरेटचा न राहता विश्वासाचा होतो.

थांबायचं नाही अशी लक्षणं मोजकी आहेत. मानेच्या जोरदार झटक्यांनंतर हातापायाला मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं: मानेच्या मणक्यात मज्जारज्जूला इजा होऊ शकते, त्याच दिवशी रुग्णालयात जा. डोळ्यात बोट घालणं, डोकं आपटणं, स्वतःला मारणं अशी टिक असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि मूल किंवा मोठी व्यक्ती "मला जगायचंच नाही" असं बोलली तर ते रागाचं बोलणं समजून सोडू नका, तिला एकटं ठेवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.